निघायची तारीख कुणी ठरवायची?

कोल्हापुरात कुणी मोठ्या मोहिमेवर निघालं की आधी फलक लागतो. पेठेच्या तोंडापासून मिरजकर तिकटीपर्यंत शुभेच्छा, खाली मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचे आणि देणगीदारांचे फोटो. मग एखाद्या सभागृहात फेटा, शाल, अंबाबाईची प्रतिमा. व्यासपीठावरून निघायची तारीख जाहीर होते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येते. हे सगळं मनापासून होतं, यात मला तीळभर शंका नाही. या गावानं पैलवान सांभाळले, नेमबाज घडवले, गिर्यारोहकांसाठी वर्गणी गोळा केली. माझा आक्षेप फक्त त्या जाहीर केलेल्या तारखेला आहे.

धाडसाला समाजानं सढळ हातानं पैसा द्यावा, असं माझं ठाम मत आहे. पण कधी निघायचं, कधी थांबायचं आणि कुठून परत फिरायचं हे ठरवायचा हक्क पैसे देणाऱ्यांनी आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनी सोडून द्यायला हवा, आणि तोही नुसता तोंडी नव्हे, तर कागदावर. डोंगर असो की समुद्र, हे सगळीकडेच लागू आहे. सगळ्यात उघडपणे मात्र ते दिसतं गॅसच्या बलूनमधून महासागर ओलांडायला निघालेल्या माणसांच्या इतिहासात.

पर्यटनाच्या ठिकाणी आपण पाहतो तो बलून गरम हवेचा. बर्नर पेटवला की वर जातो, इंधन संपत आलं की उतरतो. काही तासांचं काम. महासागरावर दिवसचे दिवस हवेत राहावं लागतं, म्हणून तिथं बहुतेकदा हेलियम किंवा हायड्रोजन भरलेला बलून लागतो. एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो वजन उचलतो, त्यामुळे दोन-तीन माणसं, त्यांचं खाणं, ऑक्सिजन आणि वाळू एवढं उचलायचं तर हजारो घनमीटर वायू भरावा लागतो. (या हेलियमच्या शोधाशी आपण विजयदुर्गाचं नाव जोडतो. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणाची छाया त्या किल्ल्यावरून गेली होती हे खरं. पण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा गुंटूरला होता, आणि इंग्रज शास्त्रज्ञ लॉक्यरनं हेलियमची खूण ठरलेली सूर्यप्रकाशातली पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून पाहिली. सहलीला आलेल्या मुलांना किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’, म्हणजे या निरीक्षणाची म्हणून सांगितली जाणारी जागा, दाखवताना एवढा तपशील सांगायला हवा.)

या बलूनला इंजिन नसतं, सुकाणू नसतं. वारा नेईल तिकडं जायचं. वैमानिकाच्या हातात असते फक्त उंची. वेगवेगळ्या थरांत वारा वेगवेगळ्या दिशेनं आणि वेगानं वाहतो. आपल्या कामाचा थर शोधायचा आणि तिथं टिकून राहायचं. वर जायचं तर वाळू सोडायची, खाली यायचं तर झडप उघडून गॅस सोडायचा. सोडलेली वाळू परत मिळत नाही आणि गॅसही नाही.

आता एक दिवस आणि एक रात्र बघा. सकाळी ऊन लागलं की आतला वायू तापून फुगतो, बलून चढत जातो आणि जास्तीचा वायू खालच्या उघड्या नळीतून निघून जातो. सूर्य कलला की उरलेला वायू आकसतो आणि बलून उतरायला लागतो. खाली काळं पाणी. टोपलीतला एक जण झोपलेला, दुसरा उंचीच्या काट्यावर डोळे लावून बसलेला. काटा घसरत राहिला की तो वाळूची पिशवी सोडतो, थांबतो, पुन्हा काटा बघतो. दर रात्री थोडी वाळू जाते, दर दुपारी थोडा गॅस जातो. शिल्लक वाळू म्हणजे शिल्लक रात्री. वाळू संपली की टोपलीतलं सामान टाकायची वेळ येते. म्हणजे चुकीच्या वाऱ्यावर निघालेला माणूस समुद्राच्या मध्यावर पोहोचेपर्यंत आपल्या रात्री खर्च करून बसलेला असतो. दोर सुटल्यानंतर त्याला सुधारायला फारसं काही उरत नाही. सगळ्यात मोठा निर्णय जमिनीवरच झालेला असतो: आज निघायचं की नाही.

1978 च्या ऑगस्टमध्ये बेन अब्रुझो, मॅक्सी अँडरसन आणि लॅरी न्यूमन या तिघा अमेरिकनांनी ‘डबल ईगल 2’ या हेलियमच्या बलूनमधून मेन राज्यातून निघून 137 तासांनी फ्रान्समध्ये पाय टेकले. बलूननं अटलांटिक ओलांडायची ती पहिलीच वेळ. त्याआधी डझनभराहून जास्त प्रयत्न फसले होते. 1970 साली ‘फ्री लाइफ’मधले तिघे न्यूफाउंडलंडजवळ समुद्रात नाहीसे झाले. 1974 साली थॉमस गॅच दहा फुग्यांचा झुबका बांधून एकटाच निघाला, त्याचा मागमूस लागला नाही. खुद्द अब्रुझो आणि अँडरसन 1977 साली निघाले होते आणि आइसलंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरले. हेलिकॉप्टरनं त्यांना उचललं, अब्रुझोचा पाय थंडीनं बधिर होऊन जखमी झाला होता. पुढच्या वर्षी ते पुन्हा निघाले ते पहिल्या खेपेत काय चुकलं ते शोधून आणि सोबतीला तिसरा माणूस घेऊन. त्याही खेपेत बलून एकदा 20 हजार फुटांच्या वरून 4 हजारांपर्यंत खाली आला. ऊन लागल्यावर पुन्हा चढला. न्यूमननं शेवटी स्वतंत्रपणे उतरायचं म्हणून हँग ग्लायडर बरोबर घेतला होता, तोही वजन कमी करायला टाकून द्यावा लागला.

1977 ला समुद्रात उतरणं आणि 1978 ला फ्रान्समध्ये उतरणं ही एकाच कामाची दोन टोकं आहेत. पहिल्या खेपेनंतर त्यांना कुणी ‘बुडवून आले’ म्हणून घरी बसवलं असतं तर दुसरी खेप झालीच नसती.

2015 च्या जानेवारीत ट्रॉय ब्रॅडली आणि लिओनिद त्युख्त्याएव यांनी जपानमधल्या सागा इथून ‘टू ईगल्स’ उडवला. पॅसिफिक ओलांडून उत्तर अमेरिकेत उतरायचा बेत होता. वाटेत उच्च दाबाचा पट्टा आडवा आला, तेव्हा त्यांनी मार्ग दक्षिणेकडे वळू दिला आणि मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया किनाऱ्याजवळ समुद्रातच उतरले. 160 तासांहून जास्त काळ, 10 हजार 700 किलोमीटरच्या आसपास. गॅस बलूनच्या अंतराचा आणि वेळेचा, दोन्ही विक्रम मोडले. जमिनीवर उतरण्याचा हट्ट धरला असता तर आणखी वाळू, आणखी एक रात्र आणि कदाचित दोन जीव खर्ची पडले असते. ही उड्डाणं टोपलीतल्या दोघांची म्हणून ओळखली जातात, पण जमिनीवर बसून वाऱ्याचे नकाशे वाचणारे हवामानतज्ज्ञ त्यात तितकेच असतात. त्यांनी ‘आज नको’ म्हटलं की थांबायचं, हा तिथला रिवाज आहे.

हा रिवाज फुकट आलेला नाही. 1873 साली न्यूयॉर्कच्या एका दैनिकानं अटलांटिक ओलांडायच्या बलूनसाठी पैसे दिले. जॉन वाइज हा तेव्हाचा सगळ्यात मुरलेला बलूनवाला त्यात होता. फुगवताना बलून फाटला, कापडाचा दर्जा त्याला पटला नाही आणि त्यानं अंग काढून घेतलं. दैनिकाचं नाव पणाला लागलं होतं, त्यामुळे उड्डाण झालंच. ते कनेक्टिकटपर्यंत जाऊन कोसळलं. महासागर ओलांडणं तर दूरच राहिलं.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती आंद्रेची हकीकत. सालोमन आंद्रे या स्वीडिश अभियंत्यानं हायड्रोजनच्या बलूनमधून उत्तर ध्रुव गाठायचं ठरवलं. आल्फ्रेड नोबेलनं पैसे दिले, राजानं दिले, देशभर कौतुक झालं. 1896 च्या उन्हाळ्यात तो स्पिट्सबर्गेनजवळच्या बेटावर वाऱ्याची वाट बघत बसला, वारा हवा तसा आला नाही आणि तो परतला. त्याच्या बरोबर निल्स एकहोल्म नावाचा हवामानशास्त्रज्ञ होता. बलूनमधून किती वायू गळतो हे त्यानं मोजलं. बलून महिनाभर तरंगत राहील हा आंद्रेचा हिशेब त्या आकड्यांशी जुळत नव्हता. रेशमी कापडाच्या शिवणीत लाखो टाके, प्रत्येक टाक्याला सुईचं भोक, आणि वर कितीही रोगण चढवलं तरी हायड्रोजन त्यातून वाट काढत होता. एकहोल्मनं हे स्पष्ट सांगितलं आणि मोहीम सोडली.

आपल्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, बाहेर पडण्याआधी पाण्यात बुडवतात आणि आतून हवेचा दाब देतात. एक बुडबुडा वर आला की तो नग बाजूला निघतो. बुडबुडा दाखवणाऱ्या पोरावर कुणी चिडत नाही, त्यालाच कामाचा माणूस म्हणतात. एकहोल्मनं यापेक्षा वेगळं काही केलं नव्हतं. पण एकदा रिकाम्या हातानं परतलेल्या आंद्रेला दुसऱ्यांदा परतणं शक्य वाटलं नाही. एकहोल्मच्या जागी दुसरा तरुण घेतला आणि 11 जुलै 1897 ला तिघे निघाले. दिशा थोडीफार राखण्यासाठी लावलेले ओढदोर पहिल्या काही मिनिटांतच बरेचसे तुटून पडले. तीन दिवसांच्या आत बलून बर्फावर आला. तिघे दोन-अडीच महिने बर्फावरून वाट काढत राहिले आणि एका ओसाड बेटावर मेले. 1930 साली त्यांचे सांगाडे, डायऱ्या आणि फोटोच्या फिल्म सापडल्या. तोपर्यंत 33 वर्षं त्यांचं काय झालं हे कुणाला माहीत नव्हतं.

एकहोल्म मात्र जगला. पुढे तो स्वीडनच्या हवामान संस्थेचा प्रमुख झाला, आणि वातावरणातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी कशी उबदार राहते यावर त्यानं 1901 साली लिहिलं. त्या सगळ्या कामाला मोहीम सोडल्यामुळेच वेळ मिळाला. पण 1897 च्या जुलैमध्ये जयजयकार निघणाऱ्यांच्या वाट्याला होता. आंद्रेला बर्फानं मारलं हे खरंच, पण त्याला तिथं ढकलण्यात त्या जयजयकाराचाही वाटा होता असं मी मानतो.

अनुभवी माणसाला हे लागू नाही, असं कुणी म्हणेल. मॅक्सी अँडरसन 1983 साली जर्मनीत बलूनच्या शर्यतीत मेला. बेन अब्रुझोचा मुलगा रिचर्ड, स्वतः नावाजलेला वैमानिक, 2010 साली गॅस बलूनच्या गॉर्डन बेनेट शर्यतीत कॅरोल रायमर डेव्हिस यांच्यासह एड्रियाटिक समुद्रावरच्या वादळात सापडला, दोघेही गेले. विजेला अनुभव दिसत नाही. धोका पत्करलेल्या माणसाचा अनादर मी करणार नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की धोका त्याचा असतो, तर घड्याळही त्याचंच असावं.

आपल्या मातीत याला मोठा आधार आहे. सिद्दी जौहरचा वेढा 1660 च्या मार्चमध्ये पन्हाळ्याला पडला. शिवाजी महाराज गडावर महिन्यांमागून महिने थांबले. शत्रू खाली, दाणागोटा कमी होत चाललेला, पाऊस सुरू झालेला. निघाले ते 12 जुलैच्या रात्री, बोलणी लावून वेढा सैल पडल्यावर, भर पावसात. त्या रात्रीच्या धावेचे आणि बाजीप्रभूंच्या घोडखिंडीतल्या झुंजीचे पोवाडे आपण गातो, ते गायलाच हवेत. पण त्याआधीचे चार महिने आपल्या गाण्यात आणि भाषणात येतात कुठं? ज्या मोहिमेचा आपल्याला सर्वांत जास्त अभिमान आहे तिचा मोठा भाग थांबण्याचा होता, आणि कुठल्या रात्री निघायचं हे पूर्णपणे निघणाऱ्यानं ठरवलं होतं.

त्याच वाटेवर दर जुलैत शेकडो तरुण पन्हाळा ते पावनखिंड चालत जातात. मसाई पठारावर धुकं, पुढं चिखल, ओढ्यांना पाणी. तारीख इतिहासानं ठरवलेली असल्यामुळे ती हलत नाही, आणि हलू नये हेही मला समजतं. पण एखाद्या वर्षी ओढा ओलांडण्यासारखा नसेल, तर गटप्रमुखानं अलीकडेच मुक्काम ठोकावा आणि परतल्यावर त्याला कुणी ‘अर्ध्यातून आला’ असं ऐकवू नये. जिथं हे ऐकवलं जातं तिथला पुढचा गटप्रमुख ओढ्यात पाय घालतो.

उलट उदाहरणंही आपल्याकडेच आहेत. कस्तुरी सावेकर 2021 साली खराब हवामानामुळे एव्हरेस्टवरून माघारी आली आणि 2022 च्या मे महिन्यात शिखरावर पोहोचली. खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. 1952 ला पुन्हा पाठवायचं तर पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. हेलसिंकीहून खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. कोल्हापूरचं मोठेपण मला त्या पदकाइतकंच त्या गहाणखतात दिसतं. पहिल्या खेपेला पदक न आलेल्या माणसाच्या दुसऱ्या खेपेसाठी खर्डेकरांनी घर पणाला लावलं.

‘एवढा पैसा गरिबांच्या कामाला लावा’ हा आक्षेप नेहमी येतो. तो प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही प्रामाणिक हवं. बलूननं महासागर ओलांडून विज्ञानाचा फारसा फायदा होत नाही. आपल्याकडे हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र आहे. ते हायड्रोजनचे प्रचंड बलून उपकरणं लटकवून 30 किलोमीटरच्याही वर पाठवतं. त्यात माणूस नसतो, आणि जमिनीवरचा वारा बरोबर नसेल तर उड्डाण सरळ पुढं ढकलतात. विज्ञान तिथं चालतं. माणूस बसवून केलेलं उड्डाण हे साहस आहे, आणि ते साहस म्हणूनच मागावं. वर संशोधनाचं लेबल चिकटवून देणगी गोळा करू नये. कुस्तीच्या आखाड्यानंही कुणाचं पोट भरत नाही, तरी या गावानं आखाडे बांधले, कारण माणूस काय करू शकतो हे बघण्याची भूक खरी आहे. फक्त दवाखान्याच्या किंवा शाळेच्या निधीतून एक रुपयाही तिकडं वळवू नये. स्वेच्छेनं दिलेला पैसा वेगळा.

मग देणाऱ्यांनी करायचं काय? देणगीच्या पत्रात एक माणूस नावानिशी नेमावा: जमिनीवर राहणारा, मोहिमेत हवामान किंवा साधनं तपासणारा. त्यानं ‘आज नाही’ म्हटलं तर त्या दिवशी निघणं बंद, आणि त्याबद्दल ना त्याला जाब विचारायचा ना प्रमुखाला. निघण्याआधीचा जाहीर सत्कार टाळावा. करायचाच तर परतल्यावर करावा, आणि शिखर किंवा पलीकडचा किनारा गाठला की नाही हे न विचारता. पेपरवाल्यांनी तारखेऐवजी महिना छापावा. आणि एकूण निधीचा ठरावीक हिस्सा दुसऱ्या प्रयत्नासाठी आधीच बाजूला काढून ठेवावा. तो हिस्सा बँकेत आहे हे माहीत असलेला माणूस परत फिरायला कचरत नाही.

राहिला प्रश्न वाचवण्याचा. हौसेनं गेलेल्याला शोधायला सरकारी बोटी आणि विमानं का पाठवायची? 2019 च्या महापुरात आपण एनडीआरएफच्या आणि लष्कराच्या बोटींची वाट बघत छतावर बसलो होतो. धोक्याच्या रेषेच्या आत घर का बांधलं, हे त्या जवानांनी कुणाला विचारलं नाही. समुद्रावर तर हा जुनाच धर्म आहे: संकटातल्या माणसाला जवळच्या जहाजानं उचलायचं. 2018 च्या सप्टेंबरमध्ये अभिलाष टॉमी गोल्डन ग्लोब या एकट्यानं शिडाच्या बोटीतून जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत असताना दक्षिण हिंदी महासागरात शिडाची काठी मोडून, पाठीला जबर मार लागून अडकला, तेव्हा एका फ्रेंच मत्स्यगस्ती जहाजानं त्याला बाहेर काढलं. 2023 साली त्यानं तीच गोल्डन ग्लोब शर्यत दुसऱ्या क्रमांकानं पूर्ण केली. सुटका नाकारणं हा उपाय होऊ शकत नाही. पण सुटकेचा खर्च दुसऱ्यांच्या माथी मारणंही योग्य नाही. शोध आणि बचावाचा विमा, संपर्काची साधनं आणि पाण्यात उतरावं लागलं तर तरंगत राहायची सोय हे मोहिमेच्या पहिल्या खर्चात धरावं. बलून आणि कपडे त्यानंतर. तेवढा हप्ता परवडत नसेल तर आणखी एक वर्ष वर्गणी जमवावी आणि पुढच्या मोसमात निघावं.